परवाना, रुबल आणि आरसा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेचा कायदा अमलात आला आणि जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर विदर्भाच्या आठ जिल्ह्यांसह मुंबई राज्यात सामील झाली, तेव्हा छिंदवाडा जिल्ह्याच्या दक्षिण टोकास असलेला सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख, बोलीने, सणावारांनी आणि सोयरिकींनी सर्वस्वी मराठी असूनही, नव्या मध्यप्रदेशाच्या हद्दीत राहिला. दफ्तरे भोपाळकडे वळली. माणसे मात्र वळली नाहीत. संत्र्यांना गिऱ्हाईक पाहायचे असो, लग्नाचा बस्ता बांधायचा असो, की मुलाला कॉलेजात घालायचे असो, अडीच फुटी रुळांवरून डुलत जाणाऱ्या छिंदवाडा-नागपूर गाडीत बसावे आणि इतवारी स्टेशनावर उतरावे, ही सौंसरकरांची जुनी वहिवाट तशीच चालू राहिली. पांढुर्ण्याला तर दिल्ली-मद्रास हमरस्त्यावरची मोठी गाडी दारातच होती. या वाटेने पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत जे जिन्नस या मुलखात आले, त्यांत कातडी वेष्टणात बसविलेला, गळ्यात अडकवायचा आणि अडकवल्यावर मान खाली ओढणारा एक जिन्नस होता. त्याची हकीगत सांगताना ड्रेस्डेन, मॉस्को, टोकियो आणि नवी दिल्ली यांना वगळून चालत नाही, आणि ती सांगण्याचे निमित्त असे की अलीकडे नागपूर-छिंदवाड्याकडील तरुण मंडळींना हे जुने रीळवाले कॅमेरे आणि त्यांची भिंगे शोधण्याचा, दुरुस्त करून वापरण्याचा आणि जमविण्याचा मोठा छंद जडला आहे.

या छंदिष्टांच्या संग्रहांकडे पाहताना एक गोष्ट प्रथम डोळ्यांत भरते. जगातील छायाचित्रणाच्या इतिहासात ज्यांची नावे आदराने घेतली जातात ते जपानी कॅमेरे या बाजूच्या जुन्या कपाटांतून क्वचित निघतात. निघतो तो बहुधा रशियन झेनिट, कधी पूर्व जर्मन प्राक्टिका, आणि लहान मुलांच्या हाती दिलेला आग्फाचा क्लिक-थ्री. हे असे का, याचे उत्तर कॅमेऱ्याच्या गुणावगुणांत सापडत नाही. ते वाणिज्य मंत्रालयाच्या फायलींत सापडते. संग्राहकाला वाटते की आपण यंत्रे गोळा करीत आहोत, आणि त्याच्या फळीवर रचली जाते ती एका आयात-धोरणाची बखर.

या आरसेवाल्या कॅमेऱ्याची मूळ कल्पना तशी जुनी. ज्या १८५४ साली डलहौसीने नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा केले, आणि त्याबरोबर हा मुलूखही कंपनी सरकारच्या अमलाखाली आला, त्याच साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, आणि तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखा स्वतः छायाचित्रे घेणारा मराठी गृहस्थ होता. म्हणजे या विद्येशी मराठी माणसाचा परिचय तिच्या बाल्यावस्थेपासूनचा आहे. त्या काळातील कॅमेऱ्याची अडचण अशी होती की काचेवर प्रतिमा पाहून घ्यायची, मग तेथे रसायन लावलेली काच सरकवायची, आणि ती सरकवीपर्यंत समोरचा माणूस हलला तर त्याला दोष द्यायचा. भिंगामागे पंचेचाळीस अंशांत आरसा बसवून प्रतिमा वरच्या काचेवर पाहावी आणि ऐन वेळी आरसा बाजूस सारून तोच प्रकाश रसायनावर पडू द्यावा, अशी युक्ती इंग्लंडातील टॉमस सटन याने १८६१ मध्ये पेटंट करून ठेवली होती. पाहणारे भिंग आणि टिपणारे भिंग एकच असावे, या विचारालाच पुढे सिंगल लेन्स रिफ्लेक्स, म्हणजे एसएलआर, हे नाव मिळाले. परंतु मोठ्या काचांच्या कॅमेऱ्यात हा आरसा एवढा अवजड होई की युक्ती बरी पण यंत्र नको, अशीच बहुतेकांची भावना राहिली.

ती युक्ती सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फितीवर बसविण्याचे श्रेय ड्रेस्डेनचे. रशियात त्याच सुमारास ‘स्पोर्ट’ नावाचा एक प्रयत्न झाला होता खरा. पण बाजारात रीतसर उभा राहिला तो इहागे या कारखान्याचा कीने-एक्झाक्टा, जो १९३६ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला. कारखान्याचा संस्थापक योहान स्टीनबर्गन हा डच, यंत्राचा रचनाकार कार्ल न्युश्टरलाइन हा जर्मन, आणि दोघांच्याही नशिबी पुढे महायुद्ध. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर जो अग्निवर्षाव झाला त्यात शहराबरोबर कॅमेऱ्याचा हा धंदाही जळाला. तथापि कारागिरांचे ज्ञान कारखान्याच्या भिंतींत राहत नसल्यामुळे, चारच वर्षांत, १९४९ मध्ये, त्याच शहरातून कॉन्टॅक्स-एस बाहेर पडला. त्यात आरशाच्या वर पंचकोनी लोलक बसविलेला होता, त्यामुळे मान खाली घालून डाव्याचे उजवे झालेले चित्र पाहण्याऐवजी, डोळ्यासमोर सरळ धरून, जसे आहे तसे पाहणे शक्य झाले. भिंग अडकविण्याकरिता ४२ मिलिमीटर व्यासाचा जो आट्यांचा पेच त्याला होता, तो पुढे अनेक देशांच्या कारखान्यांनी उचलला. आजच्या संग्राहकाला जर्मन भिंग रशियन कॅमेऱ्यावर आणि जपानी भिंग जर्मन कॅमेऱ्यावर बिनदिक्कत चढविता येते, ते या एका पेचाच्या पुण्याईने.

युद्धाच्या लुटीचा हिस्सा म्हणून ड्रेस्डेनची यंत्रसामग्री रशियाने नेली, आणि रशियाचे स्वतःचे म्हणून जे कॅमेरे पुढे गाजले त्यांच्या वंशावळीत जर्मन नावे जागोजाग येतात. जर्मन लायकाची नक्कल झोर्की. झोर्कीच्या पोटात आरसा बसवून, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात १९५२ साली केलेला झेनिट. आणि झेनिटवर येणारे हेलिऑस नावाचे भिंग हे येनाच्या कार्ल त्साइसने पूर्वी केलेल्या बायोटारचा रशियन अवतार. १९६५ मध्ये झेनिट-ई आला. एकट्या क्रास्नोगोर्स्कने तो तीस लाखांहून अधिक तयार केला, आणि याच झेनिट-ईची पेटी भारताच्या बंदरांत उतरली.

जपानचे असे नव्हते. तेथील असाही कंपनीने १९५२ मध्ये असाहीफ्लेक्स काढला, १९५४ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्तीत फोटो घेताच आरसा आपोआप खाली येण्याची सोय केली, १९५७ मध्ये लोलकासह असाही पेंटॅक्स बाजारात आणला; आणि १९५९ मध्ये निकॉन-एफ आला, ज्याच्यामुळे वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी जगभर आपले जुने कॅमेरे विकावयास काढले. कोरियन युद्धाच्या वेळी जपानात उतरलेल्या अमेरिकन बातमीदारांना निकॉनच्या निक्कोर भिंगांची तीक्ष्णता प्रथम कळली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत जर्मनीची जुनी मक्तेदारी मोडीत निघाली. उद्योगाच्या इतिहासात इतके जलद सत्तांतर क्वचितच झाले असेल.

आणि नेमक्या याच घटकेस भारताने आपला दरवाजा लावून घेतला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अवजड यंत्रांची बिले भागविताना परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटली, आणि १९५७ मध्ये, टी. टी. कृष्णमाचारी अर्थमंत्री असताना, आयातीवरचे निर्बंध असे आवळले गेले की पोलादाच्या कारखान्याला लागणाऱ्या सुट्या भागांकरितासुद्धा दिल्लीच्या पायऱ्या झिजवाव्या लागू लागल्या. मग हौशी मनुष्याच्या कॅमेऱ्याला कोण विचारतो? निर्बंध घालणाऱ्यांना मी सर्वस्वी दोष देत नाही. धान्य आणि खत यांच्या रांगेत कॅमेऱ्याने मागे उभे राहावे, हा हिशेब त्या काळी वाजवीच होता. पण त्या हिशेबाचा परिणाम असा झाला की जपानी कॅमेऱ्याची जडणघडण पुरी झाली ती आपल्या लोकांना मासिकांतल्या जाहिरातींतूनच पाहावी लागली, आणि ज्यांना तो हाताळावयास मिळाला त्यांना तो परवान्याने, नात्याने किंवा चोरवाटेने मिळाला.

नाते म्हणजे परदेशातील मुलगा, जावई किंवा मेहुणा. सत्तरच्या दशकात आखाती देशांत नोकरीस गेलेल्या मंडळींच्या सामानातून याशिका, पेंटॅक्स, कॅनन हे कॅमेरे येत. येताना विमानतळावर जकातीचा अंमलदार ते उलटेपालटे करून पाही. याची दुसरी बाजू अशी की येथून परदेशी जाणाऱ्या माणसाने स्वतःचा कॅमेरा बरोबर न्यायचा तर तो आधी कस्टमच्या कचेरीत दाखवून, त्यावरचा क्रमांक नोंदवून, दाखला घ्यावा लागे, नाही तर परतल्यावर आपल्याच मालावर जकात भरण्याची पाळी. चोरवाट म्हणजे कोकणचा किनारा आणि मुंबईचा मुसाफिरखाना. तेथून आलेल्या मालाला ना पावती, ना हमी. बिघडला तर दुरुस्तीला नेतानाही मन कचरे. पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या मास्तराने, तलाठ्याने किंवा स्टुडिओवाल्याने या दोन्ही वाटांना जावे असा त्याचा संसार नव्हता. त्याच्या वाट्याला आला तो तिसरा मार्ग, आणि तोच सरळ, सरकारी, शिक्कामोर्तब झालेला मार्ग होता.

२ डिसेंबर १९५३ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात व्यापाराचा करार झाला. त्याच्या पुढच्या विस्तारात देवघेवीचा हिशेब डॉलर-पौंडांत न मांडता रुपयांत मांडावा, असे ठरले. आपण चहा, ताग, कातडी, तयार कपडे पाठवायचे. त्यांच्या किमतीचे रुपये येथे मांडून ठेवायचे. आणि रशियाने त्या रुपयांच्या बदल्यात यंत्रे, तेल, शस्त्रे आणि काही किरकोळ माल द्यायचा. पूर्व जर्मनीशीही व्यवहार याच धर्तीचा. त्या किरकोळ मालाच्या यादीत कोठे तरी खाली, पुस्तके आणि घड्याळे यांच्या शेजारी, कॅमेरे होते, कारण त्यांच्या खरेदीस परकीय चलनाचा एक पैसा लागत नव्हता. आगऱ्याच्या किंवा कानपूरच्या चांभाराने शिवलेले बूट मॉस्कोस जात आणि त्या हिशेबाच्या दुसऱ्या रकान्यात क्रास्नोगोर्स्कचा आरसेवाला कॅमेरा नागपूरच्या सीताबर्डीवरील दुकानाच्या काचेआड येऊन बसे. या दोन वस्तूंचा एकमेकींशी संबंध आहे हे बूट शिवणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि कॅमेरा घेणाऱ्यालाही नव्हते. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकच्या वेळी काही झेनिटांच्या कपाळावर पाच कड्यांचे चिन्ह उमटविलेले होते. त्याच ऑलिंपिकात भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळविले, त्यामुळे ते चिन्ह असलेला नग आमच्याकडील संग्राहक दोन पैसे जास्त देऊनही सोडत नाहीत, आणि या बाबतीत मी त्यांना हसणार नाही.

आता हा झेनिट-ई हातात घेऊन पाहावा. भिंगासकट जवळजवळ एक किलो वजन, पत्रा जाड, शटरचे वेग पाचच, एका सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्यापासून पाचशेव्या हिश्श्यापर्यंत, आणि त्यांशिवाय हवे तितका वेळ उघडे ठेवण्याची सोय. नावाच्या पट्टीवर मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसणारी काचेची खिडकी, तिच्यामागे सेलेनियमचा पत्रा, जो प्रकाश पडला की आपली वीज आपणच निर्माण करतो आणि वरची सुई हलवितो, बॅटरी नाही. भिंगाला छिद्राच्या दोन कड्या. पहिलीने ठरवावयाचे की छिद्र किती लहान करावयाचे, दुसरीने ते पूर्ण उघडावयाचे, म्हणजे दृश्य उजळ दिसते आणि चेहरा रेखीव होईपर्यंत भिंग फिरविता येते. मग फोटो घेण्याच्या आधी तीच दुसरी कडी उलट फिरवून छिद्र ठरल्या जागी आणावयाचे, तोच डोळ्यासमोर अंधारून येते. लग्नमंडपात अंतरपाट बाजूस होत आहे, भटजींचा स्वर चढला आहे, अक्षता उडत आहेत, आणि छायाचित्रकार दुसरी कडी फिरवावयास विसरला, तर नागपूरहून धुऊन आलेल्या रिळात नवरा-नवरी दोघेही पांढऱ्या धुक्यात उभी. फ्लॅश लावायचा तर शटर तिसाव्या हिश्श्यावरच ठेवायचे, हा दुसरा नियम. तो मोडणाऱ्याला अर्धे चित्र काळे मिळे. अशा यंत्रावर ज्यांनी हात बसविला त्यांच्या हातून पुढे कोणतेही यंत्र चुकले नाही.

सौंसरसारख्या तालुक्याच्या गावातील स्टुडिओत आरंभी लाकडी खोक्याचा, काळ्या बुरख्याचा स्टँड कॅमेरा असे, मागे रंगविलेला पडदा, त्यावर तळे आणि कमान. नंतर दोन भिंगांचा चौकोनी कॅमेरा आला. आणि मग आरसेवाला ३५ मिलिमीटरचा, ज्याच्या एका रिळात छत्तीस चित्रे बसत असल्यामुळे लग्नाच्या कामास तो किफायतशीर ठरला. हुशार माणूस रीळ सावलीत भरताना आरंभीची दोन घरे वाचवून अडतीस काढी. कृष्णधवल रीळ स्टुडिओच्याच मागच्या अंधाऱ्या खोलीत, डेव्हलपर आणि हायपोच्या तसराळ्यांत धुतले जाई. रंगीत आले तेव्हा मात्र ते धुण्याकरिता नागपूरचा रस्ता धरावा लागे, आणि अल्बम मिळेपर्यंत वधूपक्षाकडून दोन वेळा निरोप येऊन जाई.

कॅमेऱ्याचे या मुलखातील खरे अवघड काम लग्नाचे नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. आणि झेंडा हस्तगत करण्याकरिता दोन्हीकडून दगडांचा असा वर्षाव होतो की दरवर्षी माणसे रक्तबंबाळ होतात, कित्येकदा जिवासही मुकतात. या प्रथेचे समर्थन मला करता येत नाही. परंतु तिचे छायाचित्र घेणाऱ्याची अडचण समजण्यासारखी आहे: जवळ जावे तर डोके फुटते, दूर राहावे तर साध्या ५० किंवा ५८ मिलिमीटरच्या भिंगात झेंडा काडीएवढा दिसतो. एसएलआरची महती येथे कळते, कारण भिंग उतरवून त्या जागी १३५ मिलिमीटरचे लांब पल्ल्याचे भिंग, रशियन युपिटर किंवा पूर्व जर्मन पेंटाकॉन, चढविले की काठावरच्या गच्चीवरून, दगडाच्या टप्प्याबाहेर उभे राहून, झाडाला झोंबणाऱ्या तरुणाच्या कपाळावरची रक्ताची ओघळ टिपता येते. आणि जे भिंगात दिसले तेच रिळावर उतरते. दुसरीकडून पाहणाऱ्या आणि दुसरीकडून टिपणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांना हे लांब पल्ल्याचे काम कधीच नीट साधले नव्हते.

स्वदेशी प्रयत्न झाले नाहीत असे नाही. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आग्फाचा क्लिक-थ्री येथेच तयार केला, आणि एका पिढीचे बालपण त्याच्या चौकोनी चित्रांत साठविले गेले. पण त्याला आरसा नव्हता. निलगिरीतील उटकमंडला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी निघाली, १९६७ पासून तेथून ‘इंदू’ नावाचे रीळ बाहेर पडू लागले, आणि कृष्णधवल काम करणाऱ्या असंख्य लहान स्टुडिओंचा गाडा त्याने चालविला. सर्वांत कुतूहलाची वस्तू कलकत्त्याची. जादवपूरच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या सरकारी कारखान्याची परंपरा १८३० सालच्या कंपनी सरकारच्या मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिसपर्यंत, म्हणजे हिंदुस्थानच्या मोजणीकरिता थिओडोलाइट दुरुस्त करणाऱ्या कारागिरांपर्यंत, मागे जाते. त्या कारखान्याने किंग या जर्मन कंपनीच्या रेगुला कॅमेऱ्याचा आराखडा घेऊन ‘नॅशनल ३५’ हा भारतीय एसएलआर काढला. तो फार खपला नाही. आज तो दुर्मिळ आहे आणि म्हणूनच मौल्यवान. वापरावयास बसले तर झेनिट बरा वाटतो.

मग सर्वच चित्र पालटले. १९८५ मध्ये मिनोल्टाने स्वतःच नेम धरणारा कॅमेरा काढला आणि हाताने भिंग फिरविण्याचे कसब निरुपयोगी ठरविले. १९९१ च्या जुलैत दिल्लीने परवान्यांची बहुतेक दफ्तरे गुंडाळली आणि त्याच डिसेंबरात सोव्हिएत संघ नकाशावरून गेला, त्यामुळे रुपये-रुबलांच्या त्या हिशेबाचाही निकाल लागला. जपानी माल हळूहळू खुला झाला. पुढे संगणकी कॅमेरा, मग टेलिफोनमधला कॅमेरा. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरी जाहीर केली. २०१५ च्या अखेरीस सौंसरची लहान गाडीही रुळ रुंद करण्याकरिता बंद झाली. झेनिट कपाटात गेले, काही भंगारात गेले. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून निराळा जिल्हा झाला, तोपर्यंत त्या कपाटांची कुलुपे उघडू लागली होती.

उघडणारी पिढी ज्यांनी रीळ कधी भरले नव्हते अशांची. त्यांच्या छंदाचे दोन प्रकार दिसतात आणि दोन्ही सारखे आदरणीय आहेत असे मला वाटत नाही. एक पंथ भिंगापुरता: हेलिऑस भिंग पूर्ण उघडे ठेवून झाडापुढे माणूस उभा केला तर मागची पाने भोवऱ्यासारखी गरगरलेली दिसतात. मूळ बायोटारचा तो दोष. आज त्यालाच सौंदर्य मानून मंडळी पितळी कडे लावून ते भिंग संगणकी कॅमेऱ्यावर चढवितात आणि खालचा झेनिट निर्जीव खोक्यासारखा टाकून देतात. दुसरा पंथ यंत्र चालते करणाऱ्यांचा. जपानी कॅमेऱ्यांच्या दारांतील फोम कालांतराने डांबरासारखा चिकट होतो, तो खरवडून नवा लावणे; पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या बॅटऱ्या जगातून हद्दपार झाल्यामुळे दुसऱ्या बॅटरीशी मीटरची समजूत घालणे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत भिंगाच्या पोटात बुरशीचे जे जाळे पसरते ते, काचेवरचा लेप खाल्ला जाण्याच्या आत, उघडून पुसणे. आमच्याकडील कोरड्या उन्हात बुरशी कमी. येथे वंगण वाळते आणि भिंग फिरेनासे होते. या उन्हाचा एक उपयोग मात्र मुंबईकरांना हेवा वाटावा असा आहे. असाहीच्या जुन्या सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर, १.४ या भिंगात थोरियम मिसळलेली काच असते, ती किंचित किरणोत्सारी असल्यामुळे वर्षानुवर्षांत चहाच्या रंगासारखी पिवळी पडते, आणि अतिनील किरण पडले की पुन्हा निवळते. वैशाखातल्या गच्चीवर असे भिंग ठेवले म्हणजे कोणत्याही रसायनावाचून त्याची काच हळूहळू स्वच्छ होते. उलट झेनिटच्या सेलेनियमचे शत्रुत्व उजेडाशीच: दिवाणखान्यात शोभेसाठी मांडलेल्याचे मीटर बहुधा मेलेले, आणि कातडी वेष्टणात, ट्रंकेच्या तळाशी विसरलेल्याचे जिवंत.

संख्येचा हव्यास असणारेही आहेत. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांची नोंद २००३ साली गिनेसच्या पुस्तकात झाली, आणि गुरुग्रामला तर कॅमेऱ्यांचे एक संग्रहालयच उभे आहे. तेथे प्रत्येक वस्तूला पाटी आहे. सौंसरच्या संग्राहकाला पाटी स्वतः वाचावी लागते. ती भिंगाच्या कड्यावर कोरलेली असते. येनाच्या भिंगावर कोठे कारखान्याचे पूर्ण नाव, कोठे नुसतेच ‘येनाहून’ अशा अर्थाची अक्षरे: युद्धानंतर त्साइसचे नाव कोणी वापरावे यावर दोन जर्मनींत जो दीर्घ कज्जा चालला, त्याचा निकाल ज्या देशात जसा लागला तसे तेथे जाणाऱ्या मालावर नाव पडले. सोव्हिएत भिंगाचा आणि कॅमेऱ्याचा क्रमांक वाचणे सोपे. पहिले दोन आकडे बहुधा निर्मितीचे साल.

नागपुरात जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर मला ठाऊक आहेत, त्यांच्या मेजावर सौंसरहून आलेला एक तरुण आजोबांचा झेनिट ठेवून अदबीने विचारीत होता, “काकाजी, मीटरची सुई हलत नाही. काही होईल का?” काकाजींनी मागचे दार उघडले, शटरचे काळे पडदे उजेडाकडे धरून त्यांतील टाचणीएवढी छिद्रे पाहिली, दोन वेळा चाप ओढून आवाज ऐकला, आणि म्हणाले, “सुई गेली त जाऊ दे, बाबू. ऊन पाह्य, सावली पाह्य. शंभरचा रोल टाक, भर उन्हात सोळावर ठेव, अन् एकशेपंचवीसवर दाब. पडद्याचं काम हाय. ते मी करून देतो, पण पुढच्या आठवड्यात ये.” मग त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढविला, कॅमेऱ्याच्या पाठीवरचा क्रमांक बोट ठेवून वाचला, “एकोणऐंशीचा हाय,” असे स्वतःशीच पुटपुटले, आणि कापडी पुठ्ठ्याच्या जाड वहीत, जिच्या मागच्या पानांवर अशाच ओळींची रांग लागलेली होती, तारीख घालून लिहिले: झेनिट-ई, क्रमांक अमुक, गाव सौंसर, पडदा बदलणे.